नेतीसूत्रापासून नेतीपात्रापर्यंत : नासाशुद्धीच्या क्रियेचा इतिहास आणि पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न

प्रस्तावना

मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याची क्रिया आज महाराष्ट्रात 'जलनेती' या नावाने सर्वपरिचित आहे. योगवर्गांत, निसर्गोपचार केंद्रांत आणि महाविद्यालयांच्या शिबिरांत ती शिकवली जाते. सर्दी, नाक चोंदणे, धुळीची अॅलर्जी अशा तक्रारींवर घरच्या घरी करण्याचा उपाय म्हणून डॉक्टरही ती सुचवतात. ही क्रिया 'हजारो वर्षांपासून जशीच्या तशी' चालत आली आहे, असा सर्वसाधारण समज आहे. या समजातून दुसरा एक समज निर्माण होतो, तो असा की, जे इतके जुने आहे ते निर्धोक असलेच पाहिजे. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजांची इतिहासाच्या अंगाने तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण एका अनुभवात आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयीन शिबिरात विद्यार्थ्यांकडून जलनेती करवून घेतली जात असताना प्रस्तुत लेखक उपस्थित होता. गच्चीवरच्या टाकीतून आलेले नळाचे पाणी बादलीत घेऊन त्यात अंदाजाने मीठ टाकण्यात आले होते. ते पाणी उकळून घेतले आहे काय, असे विचारले असता, 'आपले पूर्वज कोठे पाणी उकळत होते?' असे उत्तर मिळाले. कोणालाही काही अपाय झाला नाही, हे खरे. परंतु ते उत्तर वस्तुतः इतिहासाविषयीचे विधान होते आणि म्हणून त्याची शहानिशा करणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे, असे वाटले.

विवेचनाच्या सोयीसाठी हठयोगाचे ग्रंथ, आयुर्वेदाची नस्यपरंपरा, मुद्रणाच्या काळातील प्रसार, एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यक आणि २०११ नंतरचा पाण्याविषयीचा विचार असा क्रम ठेवला आहे. क्रियेच्या आध्यात्मिक फलाचा विचार या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

हठग्रंथांतील नेती : सूत्र आणि जल

हठयोगाच्या उपलब्ध ग्रंथांत स्वात्मारामाची 'हठप्रदीपिका' सर्वांत प्रसिद्ध आहे. तिचा काळ साधारणतः इसवी सनाचे पंधरावे शतक मानला जातो. तिच्या दुसऱ्या उपदेशात धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती ही षट्कर्मे सांगितली आहेत. तेथे नेती म्हणजे पाण्याने नाक धुणे नव्हे. वीतभर लांबीचे स्निग्ध सूत्र नाकपुडीतून आत घालून ते तोंडावाटे बाहेर काढणे, असे नेतीचे वर्णन आहे. कपालाची शुद्धी, दृष्टीची निर्मळता आणि खांद्यांच्या वरच्या भागातील रोगांचा नाश ही तिची फले सांगितली आहेत. पाण्याचा किंवा मिठाचा उल्लेख या वर्णनात नाही.

त्यानंतरची 'घेरण्डसंहिता' साधारणतः इसवी सन १७०० च्या सुमाराची मानतात. घेरण्ड ऋषी आणि चण्डकापाली यांच्या संवादरूपाने रचलेल्या या ग्रंथातही नेती ही सूत्राचीच आहे. मात्र येथे पाणी येते, ते नेतीच्या प्रकरणात न येता कपालभातीच्या प्रकरणात येते. घेरण्डाने कपालभातीचे तीन प्रकार मानले आहेत. त्यांपैकी व्युत्क्रम कपालभातीत नाकाने पाणी ओढून तोंडावाटे सोडायचे असते, तर शीत्क्रम कपालभातीत तोंडाने घेतलेले पाणी नाकावाटे बाहेर टाकायचे असते. हे दोन्ही प्रकार कफदोषाच्या निवारणासाठी सांगितले आहेत. येथेही मिठाचा निर्देश नाही. तोटीच्या भांड्याने एका नाकपुडीत पाणी सोडून ते दुसऱ्या नाकपुडीतून वाहू देण्याची आजची रीत या दोन्ही ग्रंथांत आढळत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आज आपण जिला जलनेती म्हणतो, तिचे नाव नेतीकडून आले आहे, तिचे पाणी घेरण्डाच्या कपालभातीशी नाते सांगते आणि तिचे मीठ या दोन ग्रंथांबाहेरून आले आहे. क्रियांची संख्या आणि नावेदेखील सर्वत्र एकसारखी नव्हती. सतराव्या शतकातील श्रीनिवासकृत 'हठरत्नावली' सहाऐवजी आठ कर्मे मानते आणि कपालभातीस 'मस्तकभ्रांती' असे नाव देते. म्हणजेच परंपरा ही गोठलेली वस्तू नव्हती. तिच्यातील आचार्य आपापसांत मतभेद नोंदवीत होते, भर घालीत होते आणि वगळीतही होते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे या ग्रंथांनी घातलेल्या मर्यादा. ज्याच्या शरीरात मेद आणि कफ अधिक आहे त्याने प्राणायामापूर्वी षट्कर्मे करावीत, दोष समप्रमाणात असतील तर त्यांची आवश्यकता नाही, असे स्वात्मारामाने स्पष्टपणे म्हटले आहे. केवळ प्राणायामानेच सर्व मल शुद्ध होतात, म्हणून अन्य कर्मे मान्य नाहीत, असे काही आचार्यांचे मतही त्याने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे ज्या ग्रंथाचा आधार देऊन ही क्रिया सर्वांना सरसकट सांगितली जाते, त्या ग्रंथात ती सर्वांसाठी नाही. ही कर्मे गुप्त राखावीत असा जो निर्देश येतो, त्याचा अर्थ सहसा गूढतेच्या अंगाने लावला जातो. परंतु त्याचा एक व्यावहारिक परिणामही होता, असे अनुमान करता येते. क्रिया गुरूच्या नजरेखालीच होत असे. साधकाची प्रकृती, सूत्राचा मऊपणा, पाणी कोठून आणले आहे हे पाहणारे कोणीतरी जवळ असे.

आयुर्वेदातील नस्य

आयुर्वेदाच्या संहितांत नाकाचा विचार वेगळ्या दिशेने झाला आहे. नाक हे मस्तकाचे द्वार आहे, या आशयाचे वाग्भटाचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे आणि या तत्त्वावरच नस्यकर्माची उभारणी झाली आहे. चरकसंहितेने नावन, अवपीड, ध्मापन, धूम आणि प्रतिमर्श असे नस्याचे पाच प्रकार मानले आहेत. यांत प्रामुख्याने तेल, तूप, वनस्पतींचा रस, चूर्ण आणि धूर यांचा उपयोग आहे. दैनंदिन आचरणासाठी अणुतैलाची योजना सांगितली आहे. नाकातून भरपूर पाणी वाहू देऊन आतील भाग धुणे ही नस्याची मूळ कल्पना नव्हे, तेथे औषध अल्प मात्रेत नाकात सोडायचे असते.

सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त पहाटे नाकाने पाणी पिण्याचा आचार आढळतो. परंतु तेथेही पाणी आत घेण्याचे आहे, आणि ते कोणी करू नये याचे भान वैद्यकपरंपरेत होते. नस्य कोणाला द्यावे, कोणत्या ऋतूत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी द्यावे, कोणाला मुळीच देऊ नये, यांचा सविस्तर विचार संहितांनी केला आहे. अजीर्ण झालेला, नुकताच जेवलेला, नुकतेच स्नान केलेला अशांना नस्य वर्ज्य मानले आहे. या निषेधांमागील शरीरविषयक कल्पना आजच्याहून भिन्न होत्या, हे उघड आहे. तरीही नाकावाटे काही आत घालणे ही जबाबदारीची बाब आहे, ही जाणीव त्यांत निश्चितपणे दिसते.

मुद्रणाचा काळ : मुंबई ते लोणावळा

हठग्रंथ मठ आणि शिष्यपरंपरा यांच्या बाहेर पडले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि या घटनेत मुंबईचा वाटा मोठा आहे. थिऑसॉफिकल चळवळीतील तुकाराम तात्या पडवळ यांनी मुंबईतून संस्कृत ग्रंथ व त्यांची भाषांतरे प्रसिद्ध करण्याचा उद्योग चालवला होता. 'हठप्रदीपिके'चे श्रीनिवास अय्यंगार यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८९३ मध्ये आणि 'घेरण्डसंहिते'चे श्रीशचंद्र वसू यांनी केलेले भाषांतर १८९५ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाले. आता हे ग्रंथ विकत घेऊन कोणीही वाचू शकत होता. ज्ञानाच्या प्रसाराच्या दृष्टीने हे पाऊल फार मोलाचे होते. पण त्याच वेळी मजकूर आणि मार्गदर्शक यांची फारकत होण्यास येथूनच आरंभ झाला, हेही नोंदवले पाहिजे. छापील पानावर क्रिया आली, तिच्यासोबत गुरू आला नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातच झाला. योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोवा येथे योग इन्स्टिट्यूटची स्थापना करून गृहस्थाश्रमी माणसासाठी योगाचे शिक्षण सुरू केले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६), यांची वाटचाल तर या विषयाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात व्यायामाचे शिक्षण, खानदेशात अमळनेर येथे शैक्षणिक कार्य आणि मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याकडे योगाभ्यास अशा तीन प्रवाहांतून त्यांची घडण झाली. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नौली व उड्डियान या क्रियांच्या वेळी पोटाच्या पोकळीत काय घडते हे क्षकिरणांच्या आणि दाबमापनाच्या साहाय्याने पाहण्याचे त्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत.

कुवलयानंदांची भूमिका येथे महत्त्वाची ठरते. शास्त्रात सांगितले आहे म्हणून क्रिया करावी, एवढ्यावर ते थांबले नाहीत. क्रिया शरीरात काय करते हे मोजून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या मागून संस्थेने ग्रंथसंपादनाचे कामही तितक्याच कसोशीने केले. स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केलेली 'हठप्रदीपिका' १९७० मध्ये प्रसिद्ध झाली, तर स्वामी दिगंबरजी व डॉ. म. ल. घरोटे यांनी संपादित केलेली 'घेरण्डसंहिता' १९७८ मध्ये आली. नेतीविषयी ग्रंथ नेमके काय म्हणतात आणि काय म्हणत नाहीत, हे आज आपण निश्चितपणे सांगू शकतो याचे श्रेय या पाठचिकित्सेला द्यावे लागते.

याच शतकात योगवर्गांच्या द्वारे क्रियेचे रूप पालटत गेले. सूत्राच्या जागी रबराची नळी आली. सूत्राहून किंवा नळीहून पाण्याची क्रिया सोपी आणि कमी त्रासदायक असल्यामुळे तीच नेतीचे प्रमुख रूप बनली आणि तोटीचे नेतीपात्र घरोघरी पोचले. मिठाचे पाणी मात्र केवळ सोयीने आले नाही. त्याच्या मागे वैद्यकातील एक स्वतंत्र परंपरा आहे आणि तिच्यासाठी काही काळ युरोपकडे वळणे आवश्यक आहे.

एकोणिसाव्या शतकातील युरोप : नासाधावन आणि मिठाचे प्रमाण

लाइपझिग येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्न्स्ट हाइन्रिख वेबर यांच्या असे निदर्शनास आले होते की, तोंड उघडे ठेवून श्वास घेत असताना एका नाकपुडीत पाण्याची धार सोडली, तर मऊ टाळू वर उचलला जाऊन घशाकडील वाट मिटते आणि पाणी दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर पडते. जलनेती करताना 'तोंडाने श्वास घ्या' असे जे सांगितले जाते, त्यामागील कारण हेच आहे. या निरीक्षणाचा उपचारासाठी उपयोग लंडनमध्ये स्थायिक झालेले जर्मन वैद्य व रसायनशास्त्रज्ञ थुडिकुम यांनी केला आणि १८६४ मध्ये नासाधावनाची आपली पद्धत प्रसिद्ध केली. साधे पाणी नाकाच्या नाजूक आवरणास झोंबते, मिठाचे पाणी झोंबत नाही, हेही या काळातील वैद्यांच्या ध्यानात आले होते.

ही पद्धत लवकरच लोकप्रिय झाली आणि त्याबरोबरच तिच्याविषयीची पहिली सावधगिरीची सूचनाही आली. जोराने पाणी सोडल्यास किंवा क्रियेनंतर नाक जोराने शिंकरल्यास पाणी कंठकर्णनलिकेतून मधल्या कानात जाऊन तेथे दाह होतो, असे कर्णरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले. पुढे १८९० च्या दशकात डच संशोधक हाम्बुर्गर यांच्या प्रयोगांतून सुमारे ०.९ टक्के मिठाचे द्रावण मानवी रक्तद्रवाशी समतोल राखते, हे स्पष्ट झाले. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, हे आजचे प्रमाण या संशोधनाशी निगडित आहे. पाण्यात मीठ अत्यल्प असेल तर पेशी पाणी शोषून फुगतात आणि जळजळ होते, अति असेल तर पेशींतील पाणी बाहेर ओढले जाऊन कोरडेपणा येतो. 'अंदाजाने मूठभर मीठ' ही रीत म्हणूनच शास्त्राला धरून नाही.

उपचार म्हणून या क्रियेचे मूल्यमापन विशेषतः २००० नंतर झाले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ७६ व्यक्तींवर सहा महिने केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दोन टक्के मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना सायनसच्या तक्रारींत आराम पडल्याचे त्यात दिसून आले. २००७ मधील कॉक्रेन आढाव्याने जीर्ण सायनसदाहात पूरक उपाय म्हणून या क्रियेला अनुकूल मत दिले. २०१६ मधील आढाव्याने मात्र उपलब्ध पुराव्याची प्रत कमी असल्याचे नमूद केले. तात्पर्य, क्रिया उपयुक्त असल्याचे मानण्यास आधार आहे. पण ती सर्वरोगहारी आहे, असे म्हणण्यास आधार नाही.

पाण्याचा प्रश्न : २०११ आणि त्यानंतर

आतापर्यंतच्या इतिहासात सूत्र, मीठ, धारेचा जोर, साधकाची प्रकृती या सर्वांचा विचार झालेला दिसतो. पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न मात्र फार उशिरा पुढे आला. त्यास कारणीभूत ठरला 'नेग्लेरिया फाउलेरी' हा एकपेशीय अमीबा. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील फाउलर आणि कार्टर यांनी १९६५ मध्ये या प्रकारच्या मेंदूदाहाचे वर्णन केले. हा जीव उबदार गोड्या पाण्यात वाढतो. तो पोटात गेल्यास रोग होत नाही. परंतु नाकात वरपर्यंत गेल्यास गंधवाहक चेतातंतूंच्या वाटेने तो मेंदूत पोचतो आणि होणारा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. बराच काळ हा आजार तलावांत, डबक्यांत किंवा निगा न राखलेल्या जलतरण तलावांत पोहणाऱ्यांशी जोडला जात होता.

२०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात दोन व्यक्तींचा या आजाराने मृत्यू झाला. दोघेही पोहायला गेले नव्हते. दोघांनीही नळाचे पाणी नेतीपात्रात घेऊन नाक धुतले होते आणि त्यांच्या घरांतील नळाच्या पाण्यात हा अमीबा आढळला. या घटनांचा शास्त्रीय वृत्तांत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नळाचे कच्चे पाणी नाक धुण्यासाठी वापरू नये, अशी सूचना दिली. कराची शहरात २००८-०९ या काळात नोंदवलेल्या तेरा रुग्णांपैकी बहुतेकांच्या बाबतीत पोहण्याचा इतिहास नव्हता. वजू करताना नाकात घेतलेले नळाचे पाणी हा तेथील संभाव्य मार्ग मानला गेला. भारतात केरळ राज्यात २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूदाहाचे रुग्ण आढळल्यामुळे हा प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे.

हा आजार अत्यंत दुर्मिळ आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. नाक धुणाऱ्या असंख्य लोकांपैकी फार थोड्यांवर हा प्रसंग येतो. म्हणून भीती पसरवण्याचे कारण नाही. परंतु ज्या धोक्याचे निवारण पाण्याला उकळी आणण्याइतके सोपे आहे, तो दुर्मिळ आहे म्हणून पत्करण्याचेही कारण नाही.

आता शिबिरातील त्या उत्तराकडे परत येता येईल. पूर्वज पाणी उकळत नव्हते, हे मान्य केले तरी त्यातून नळाच्या पाण्याविषयी काहीच सिद्ध होत नाही. ग्रंथांतील क्रिया टाकीतल्या पाण्याने होत नव्हती. नगरपालिकेचा नळ, इमारतीतील लोखंडी वा प्लॅस्टिकच्या नळ्या आणि गच्चीवर उन्हात तापणारी टाकी ही आधुनिक काळाची निर्मिती आहे. पाणी साठून राहिले की त्यातील क्लोरीन कमी होत जाते आणि उन्हाळ्यात ते कोमटही होते. पिण्यासाठी जे पाणी सुरक्षित असते, ते नाकासाठी सुरक्षित असेलच असे नाही, कारण जठरातील आम्लाचे संरक्षण नाकाला नाही. शिवाय त्या काळी या क्रियेमुळे कोणी दगावलेच नसेल, असे म्हणण्यासही पुरावा नाही. आजाराचे नावच ज्ञात नव्हते, तेव्हा त्याची नोंद कोण ठेवणार होते? पुराव्याचा अभाव हा अपायाच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही, हा इतिहासलेखनाचा प्राथमिक नियम येथेही लागू पडतो.

घरगुती क्रियेची सुरक्षित रीत

वरील विवेचनाच्या आधारे क्रियेची रीत पुढीलप्रमाणे सांगता येते.

पाणी खळखळून उकळावे आणि झाकून कोमट होईपर्यंत निववावे. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या मते उकळी आल्यावर एक मिनिट, तर सुमारे १,९८० मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळणे पुरेसे असते. अन्न व औषध प्रशासन तीन ते पाच मिनिटे सांगते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई हेदेखील १,६४६ मीटर उंचीचे आहे. तेव्हा आपल्याकडे कोठेही पाच मिनिटांची उकळी निःशंकपणे पुरेल. उकळलेले पाणी स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवून चोवीस तासांच्या आत वापरावे. औषधाच्या दुकानात मिळणारे ऊर्ध्वपातित किंवा निर्जंतुक पाणीही चालते. घरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे म्हणून उकळणे टाळू नये, कारण त्या यंत्रातील साठवणीच्या टाकीतले पाणी निर्जंतुक असेल याची खात्री नसते. उकळलेले पाणी निववण्यासाठी त्यात नळाचे पाणी मिसळण्याची चूक अनेकदा होते. तसे केल्यास उकळण्याचा हेतूच निष्फळ होतो.

मीठ स्वच्छ आणि बारीक असावे. अर्धा लिटर पाण्यास साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा किंचित कमी भरून, इतके मीठ पुरे. ते पूर्ण विरघळू द्यावे. झोंबत असल्यास चिमूटभर खाण्याचा सोडा घालता येतो. हात साबणाने धुवावेत. नेतीपात्र प्रत्येकाचे स्वतंत्र असावे, वापरानंतर ते साबणाने धुऊन उकळलेल्या पाण्याने खळखळावे आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावे. शिबिरात एकच पात्र अनेकांनी वापरणे सर्वथा त्याज्य मानले पाहिजे.

क्रिया करताना कंबरेतून पुढे वाकून मान एका बाजूस कलती करावी, वरच्या नाकपुडीत पात्राची तोटी अलगद टेकवावी, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा आणि पाणी आपल्या वजनाने वाहू द्यावे. ते ओढू नये, ढकलू नये. नंतर दुसऱ्या बाजूने तसेच करावे. शेवटी पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळुवार उच्छ्वासांनी उरलेले पाणी काढून टाकावे. एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरू नये.

कान दुखत असेल किंवा वाहत असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल, नाक पूर्णतः बंद असेल, नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल अथवा रोगप्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही क्रिया करू नये. सूचना समजून पाळू न शकणाऱ्या लहान मुलांकडून ती करवून घेऊ नये. नाक धुतल्यानंतरच्या दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठरणे अशी लक्षणे दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे आणि नाक धुतल्याची माहिती डॉक्टरांना आपणहून द्यावी.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) आजची जलनेती ही एका ग्रंथातून जशीच्या तशी आलेली क्रिया नाही. हठग्रंथांतील सूत्रनेती व जलयुक्त कपालभाती, आयुर्वेदाचा नाकाविषयीचा विचार आणि एकोणिसाव्या शतकातील युरोपीय नासाधावन यांचा तो संगम आहे.

२) परंपरेने ही क्रिया सर्वांसाठी सरसकट सांगितलेली नाही. अधिकारी कोण, वर्ज्य कोणास, याचा विचार हठयोग आणि आयुर्वेद या दोहोंतही आहे. म्हणून सावधगिरीची मागणी करणे म्हणजे परंपरेला विरोध करणे नव्हे.

३) मुद्रणाच्या काळापासून क्रिया आणि मार्गदर्शक यांची फारकत होत गेली. क्रिया घरात आली, तेव्हा गुरूच्या देखरेखीची जागा घेणारी दुसरी व्यवस्था सर्वत्र उभी राहिली नाही. मिठाचे मोजमाप, पाण्याची उकळी आणि स्वतंत्र पात्र यांकडे त्या देखरेखीचे आजचे रूप म्हणून पाहता येते.

४) मोजून पाहण्याची वृत्ती ही बाहेरून लादलेली नाही. लोणावळ्यास १९२४ पासून ती रुजलेली आहे.

योगदिनाच्या निमित्ताने आणि विविध शिबिरांतून महाविद्यालये आज ही क्रिया हजारो विद्यार्थ्यांपर्यंत पोचवू शकतात. विद्यार्थी शिबिरात जे पाहतो तेच घरी जाऊन करतो आणि घरच्यांनाही शिकवतो. म्हणून अशा कार्यक्रमाची जबाबदारी घेणाऱ्या प्राध्यापकाने प्रात्यक्षिकापूर्वी पाणी उकळले आहे काय, मीठ मोजले आहे काय आणि प्रत्येकाचे पात्र वेगळे आहे काय, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर त्या दिवशीचे प्रात्यक्षिक रद्द करावे, असे प्रस्तुत लेखकाचे नम्र मत आहे.